झाशीच्या संताचा एकच प्रश्न

झाशी म्हटलं की मराठी घरात आधी राणी आठवते. वाचनाची आवड असेल तर गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’ही आठवतं; १८५८ च्या वेढ्यात हे वरसईचे भटजी त्या शहरातच अडकले होते. पण ऑक्टोबर संपत आला की मुंबई-वसईकडची काही माणसं झाशीच्या गाडीत बसतात आणि उतरल्यावर त्यांना किल्ल्याकडे जायची घाई नसते. ती जातात संत ज्यूडच्या तीर्थमंदिरात. २८ ऑक्टोबर हा या संताचा सण. त्याआधीचे नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना चालते. येणाऱ्यांत फक्त ख्रिस्ती नसतात. हिंदू, शीख, मुसलमान, कुणीही येतं, कारण या संताची ख्याती वेगळी आहे. सगळे उपाय थकले, सगळे दरवाजे वाजवून झाले की त्याच्याकडे जायचं.

तुमच्या घरातलं किंवा शेजारचं कुणीतरी असं गेलं असेल. कुणाच्या मुलाचा आजार हटत नसतो, कुणाचं कर्ज, कुणाचं मोडत आलेलं घर. मेणबत्ती लावायची, चिठ्ठी लिहायची, हात जोडायचे आणि परतीची गाडी पकडायची. काहींचं मागणं पूर्ण होतं आणि ते पुढच्या वर्षी आभार मानायला येतात. त्यांच्या गोष्टी आपल्याला ऐकायला मिळतात. ज्यांचं झालं नाही, त्यांच्या गोष्टी फारशा कुणी विचारत नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे. मेणबत्ती विझल्यानंतरही ज्यांचं दुखणं तसंच उरलं, त्यांनी श्रद्धेचं काय करायचं?

ज्याच्याकडे ही माणसं जातात, त्याच्यापासूनच सुरुवात करू. ज्यूड म्हणजे येशूच्या बारा शिष्यांपैकी यहूदा तद्दय. नावाने त्याचा घात केला. येशूला धरून देणाऱ्या शिष्याचंही नाव यहूदाच, यहूदा इस्कर्योत. त्यामुळे या दुसऱ्या यहूदाचं नाव प्रार्थनेत घ्यायला लोक कचरत असत, आणि म्हणून ज्याला कुणीच हाक मारत नाही तोच शेवटी अडल्यानडल्याच्या मदतीला धावतो, अशी परंपरेतली समजूत. मला ही समजूत आवडते. विसरलेल्या माणसाला विसरलेल्यांची कणव असणारच.

त्याहून महत्त्वाची गोष्ट बायबलमध्ये आहे आणि ती सहसा नजरेतून सुटते. चारही शुभवर्तमानांत या शिष्याच्या तोंडी एकच वाक्य आहे, योहानाच्या चौदाव्या अध्यायात. आणि ते वाक्य म्हणजे एक प्रश्न आहे. शेवटच्या भोजनाच्या रात्री तो येशूला विचारतो, तू आम्हालाच प्रकट होणार आणि जगाला नाही, असं का? झालं. एवढंच त्याचं बोलणं. ना उपदेश, ना चमत्कार. येशू जे बोलतो त्यात त्या ‘का’चं सरळ उत्तर सापडत नाही. जो माझ्यावर प्रेम करतो त्याच्याकडे आम्ही येऊ आणि त्याच्याजवळ राहू, असा त्याचा आशय आहे. कारण विचारलं होतं, वचन मिळालं सोबतीचं.

संकटाच्या काळात ख्रिस्ती श्रद्धा माणसाला नेमकं काय देते, याचा विचार करताना मला हा संवाद फार उपयोगी वाटतो. ‘माझ्याच वाट्याला का?’ हा प्रश्न विचारणं म्हणजे श्रद्धा कमी पडणं, असं आपल्याला लहानपणापासून नकळत शिकवलं जातं. बायबलचं म्हणणं तसं दिसत नाही. स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रं म्हणजे चक्क तक्रारी आहेत. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं. शेवटी आशेची एक ओळ जोडून ते गोड करण्याचा प्रयत्न कुणी केलेला नाही. ईयोबाच्या पुस्तकात तर मोठी गंमत आहे. ईयोब अध्यायामागून अध्याय देवाशी भांडतो आणि त्याचे मित्र देवाची बाजू घेऊन त्याला गप्प करतात. शेवटी देव रागावतो तो मित्रांवर.

दुष्काळ संपतो म्हणजे काय होतं

आता झाशीभोवतीच्या जमिनीकडे बघा. हा बुंदेलखंड. खडकाळ माळ, जुने तलाव, मे महिन्यात अंग भाजून काढणारं ऊन, आणि पाऊस चुकला की दिल्ली-सुरतेची वाट धरणारी माणसं. १८९६-९७ चा देशभर गाजलेला दुष्काळ याच भागात सुरू झाला. आधी इथली पिकं बुडाली, मग संयुक्त प्रांत, मध्य प्रांत, बिहार, मुंबई आणि मद्रास इलाख्याचे काही भाग, असा तो पसरत गेला. माणसं लाखोंनी मेली.

दुष्काळाचं एक लक्षण शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला सांगावं लागत नाही. पाऊस पडला म्हणून दुष्काळ त्या दिवशी संपत नाही. बैल विकलेले असतात, बियाणं खाऊन झालेलं असतं, कर्ज डोक्यावर असतं. आभाळ भरून येतं आणि पेरायला हातात काही नसतं. मनाच्या दुष्काळाचंही असंच असतं. आजार बरा होतो, नोकरी लागते, कोर्टाचा निकाल लागतो, आणि तरी आतून कोरडं वाटत राहतं. ‘आता तर सगळं ठीक झालं ना?’ असं लोक विचारतात तेव्हा काय सांगावं ते कळत नाही. तुमचं असं झालं असेल तर त्यात काही चुकीचं नाही. उगवायला वेळ लागतो.

या दुष्काळात बुंदेलखंडात मदतीला उभ्या राहिलेल्यांत काही ख्रिस्ती स्त्रिया होत्या. झाशीपासून फार लांब नसलेल्या नौगावला १८९६ मध्ये अमेरिकेतल्या क्वेकर पंथाच्या काही बायका येऊन राहिल्या आणि दुष्काळाने पोरक्या झालेल्या मुलांना त्यांनी सांभाळलं. पण याच दुष्काळाची एक गोष्ट आपल्या मराठी मुलखाशी जोडलेली आहे. मला ती सविस्तर सांगायची आहे.

रमाबाई पुन्हा दुष्काळात जातात

पंडिता रमाबाईंचं नाव तुम्ही शाळेच्या पुस्तकात वाचलं असेल. जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्या काळात बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांनी समाजाचा रोष ओढवून घेतलेला. हे कुटुंब तीर्थक्षेत्रांतून पुराणं सांगत पायी फिरायचं. १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला आणि त्यात या घराची वाताहत झाली. वडील गेले, पाठोपाठ आई, मग बहीण. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं उपाशीतापाशी चालत चालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली. तिथे या वीस वर्षांच्या मुलीची विद्वत्ता पाहून पंडितांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न केलं, पुढच्या वर्षी मुलगी झाली, मनोरमा. आणि १८८२ च्या सुरुवातीला नवरा कॉलऱ्याने गेला. वय तेवीस.

हे सगळं एका दमात लिहिता येतं, पण जरा थांबून वाचा. दहा वर्षांच्या आत आई, वडील, बहीण, भाऊ आणि नवरा.

१८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. इथे आपल्याला वाटतं, चला, आता त्यांना उत्तर मिळालं, शांती मिळाली. तसं झालं नाही. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रांतून वाद चालला. धर्माधिकारी सांगतात म्हणून एखादी गोष्ट मानायला त्या तयार नव्हत्या. माझ्या सदसद्विवेकाला पटली पाहिजे, हा त्यांचा हेका. पुढे आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी स्वच्छ लिहून ठेवलं आहे की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडायचा राहिला होता. तो अनुभव त्यांना १८९१ च्या सुमारास आला. म्हणजे बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी. पाऊस पडल्यावर आठ वर्षांनी पीक आलं म्हणा ना.

मधल्या काळात त्या हात जोडून बसल्या नव्हत्या. ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन सुरू केलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. १८९३ मध्ये मुलींना ख्रिस्ती करतात, या आरोपावरून मोठं वादळ उठलं. ‘केसरी’ने झोडपलं. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळ सोडलं आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. या वादात दोन्ही बाजूंना काही म्हणायचं होतं, आजही आहे. तो वाद इथे सोडवायचा नाही. एवढंच लक्षात घ्यायचं की दुष्काळ आणि मृत्यू यांनंतर आपल्याच माणसांनी पाठ फिरवणं हेही त्यांच्या वाट्याला आलं.

आणि मग १८९६ उजाडलं. मध्य प्रांतातल्या दुष्काळाच्या बातम्या पुण्यापर्यंत येऊ लागल्या. रमाबाईंना स्वतःचे जुने दिवस आठवले. रस्त्यावर उपाशी पडलेली मुलगी कशी दिसते हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती, त्या स्वतः तशा मुलींपैकी एक होत्या. जवळ पुरेसा पैसा नाही, आधीच्या संस्थेचे प्रश्न मिटलेले नाहीत. तरी त्या दुष्काळी मुलखात गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची साथ आली तेव्हा जागेचा प्रश्न उभा राहिला, आणि दौंडजवळच्या केडगावच्या शेतावर वस्ती उभी राहिली. तेच मुक्ती मिशन. १९०० पर्यंत तिथे सुमारे १५०० जण राहत होते. शेती, गाईगुरं, विणकाम, छपाई, सगळं बायकाच चालवत होत्या.

आध्यात्मिक वाढ वगैरे शब्द ऐकले की आपल्या डोळ्यांसमोर डोळे मिटून शांत बसलेला चेहरा येतो. रमाबाईंकडे बघितलं की वेगळं दिसतं. वीस वर्षांपूर्वी त्यांच्या आईवडिलांना दुष्काळाने का नेलं, याचं उत्तर त्यांना मिळालं असेल असं मला वाटत नाही. पण ज्या ठिकाणी आपलं सगळं गेलं, तशाच ठिकाणी त्या परत गेल्या आणि दुसऱ्यांच्या मुलींना घेऊन आल्या. तेवढं त्यांच्या आत वाढलं होतं. आणि हेही बघा, दुष्काळ किती छान शिकवतो असं त्या म्हणाल्या नाहीत. विधवा मुलीने सोसावं, त्यातून तिची उन्नती होईल, असंही नाही म्हणाल्या. तिला सोसावं लागू नये म्हणून त्यांनी घर बांधलं.

आणखी एक लक्ष्मीबाई

झाशीच्या लेखात लक्ष्मीबाई हे नाव यायचंच, पण ही दुसरी. लक्ष्मीबाई टिळक, कवी नारायण वामन टिळकांची पत्नी. १० फेब्रुवारी १८९५ ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि या सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या बाईच्या पायाखालची जमीन सरकली. काही वर्षं नवराबायको वेगळे राहिले. मुलं दगावल्याचं दुःख आधीचं होतंच. पुढे एकत्र आल्यावरही त्यांनी लगेच नवऱ्याचा धर्म घेतला नाही. वेळ घेतला, स्वतःच्या डोक्याने विचार केला आणि १९०० मध्ये स्वतःहून बाप्तिस्मा घेतला.

त्यांचं ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आलं. घरात कुणी वाचलं नसेल तर जरूर मिळवा. आजीपासून शाळकरी नातवापर्यंत सगळ्यांना वाचता येईल अशी भाषा आहे. दुःखाचे एवढे प्रसंग आणि बाई हसतात. स्वतःवर हसतात, नवऱ्याच्या तऱ्हेवाईकपणावर हसतात. सोसलेल्याचं भांडवल करत नाहीत. कडू न होता जुनं दुःख सांगता येणं, हीसुद्धा वाढच, आणि मला तर ती फार अवघड वाटते. टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ १९१९ मध्ये त्यांच्या मृत्यूमुळे अर्धवट राहिलं, ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. ज्या धर्मांतराने त्यांचा संसार मोडायला निघाला होता, त्याच श्रद्धेचं काव्य त्यांनी पूर्ण केलं.

तुमच्या घरात आज

आता तुमच्याकडे येऊ. कदाचित हे तुम्ही हॉस्पिटलच्या बाकावर बसून फोनवर वाचत असाल, किंवा रात्री झोप येत नाही म्हणून.

प्रार्थना करणारे असाल तर खरी प्रार्थना करा. राग आला असेल तर रागाची. शब्द सापडत नसतील तर ते अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र उघडा, ते तुमच्या वतीने बोलेल. नव्या करारात यहूदाच्या नावाचं एक छोटंसं पत्र आहे, अवघ्या पंचवीस वचनांचं. परंपरेने ते याच संताचं मानलं जातं, जाणकारांत त्याबद्दल मतभेद आहेत. त्यात शेवटाकडे वाचकांना सांगितलंय की जे डळमळताहेत, ज्यांना शंका आहेत, त्यांच्यावर दया करा. हे दुसऱ्यांबद्दल आहे, पण तुम्ही स्वतः डळमळत असाल तर तीच दया स्वतःवरही करायला हरकत नाही.

पौलाचं उदाहरणही लक्षात असू द्या. त्याला शरीरात कसला तरी काटा सलत होता. तो कसला, हे त्याने लिहिलेलं नाही. तो निघावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही. कृपा पुरेशी आहे, एवढंच ऐकू आलं. तेव्हा तुमचं मागणं पूर्ण झालं नाही म्हणून तुमचा विश्वास कमी पडला, असं कुणी म्हणालं तर त्यांना नम्रपणे पौलाकडे पाठवा.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण श्रद्धेच्या नावाखाली इथे फार नुकसान होतं. घरात मार खाणाऱ्या बाईला ‘हा तुझा क्रूस आहे, वाहा’ असं सांगणं चूक आहे. तिला सुरक्षित जागा हवी. महिलांसाठी १८१ हा हेल्पलाइन क्रमांक आहे, तातडीला ११२. तसंच कित्येक आठवडे झोप नाही, जेवण नाही, जगावंसं वाटत नाही, अशी अवस्था असेल तर ती विश्वासाची परीक्षा म्हणून काढू नका. डॉक्टरकडे जा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. गोळी घेणारा माणूस कमी प्रार्थना करतो असं कुठे आहे?

आणि दुःख तुमचं नसून शेजाऱ्याचं असेल तर? मग ईयोबाच्या मित्रांची गोष्ट पुन्हा आठवा. ते आले तेव्हा पहिले सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम तेवढंच; तोंड उघडलं आणि बिघडलं. आपल्याकडे कुणाचं गेलं की सुतकात शेजारी पिठलं-भाताचा डबा पाठवतात, त्यात हेच शहाणपण आहे. ‘देवाची मर्जी’, ‘सगळं चांगल्यासाठीच होतं’ ही वाक्यं आपल्या तोंडी पटकन येतात. ती गिळून टाकता आली तर बघा.

मुलांनाही यात घ्या. आजी आजारी असेल तर ‘देवबाप्पा बरं करेल’ असं पक्कं वचन मुलाला देऊ नका. तसं झालं नाही तर त्याचा देवावरचा आणि तुमच्यावरचा, दोन्ही विश्वास जातील. आपण विचारू या, आणि काहीही झालं तरी आपण एकमेकांजवळ असू, हे मात्र सांगता येतं. सात-आठ वर्षांच्या मुलाला ते चांगलं कळतं. आजीसाठी चित्र काढायला, तिला पाणी द्यायला त्याला सांगा.

रमाबाईंची शेवटची वर्षं सोपी नव्हती. सगळं बायबल मूळ हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत आणायचं काम त्यांनी हाती घेतलं होतं. त्यासाठी त्या दोन्ही भाषा शिकल्या. ज्यांना फारसं शिकायला मिळालं नाही अशा बायकांना वाचता यावं, हा हेतू. ते काम सुरू असतानाच, जुलै १९२१ मध्ये, मनोरमा गेली. पुढे मिशनची धुरा तिने सांभाळावी, अशी आईची इच्छा होती. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. भाषांतर तोवर हातावेगळं झालं होतं. ते छापील रूपात १९२४ मध्ये आलं. त्याचे खिळे जुळवले, पानं छापली, ती केडगावच्या बायकांनी.

यंदा ऑक्टोबरात कुणी ओळखीचं झाशीहून परत आलं तर ‘मागणं पूर्ण झालं का?’ हा प्रश्न लगेच विचारू नका. प्रवास कसा झाला ते विचारा. संध्याकाळी त्यांच्याकडे जेवण पाठवा, आणि त्यांना बोलायचं असेल तर तासभर बसा.